कार्लेस, हिगांतेस बेटं आणि वाऱ्यासाठी राखलेले दिवस

फिलिपिन्सला जाणारी आपल्याकडची माणसं बहुधा बोराकाय, सेबू नाहीतर पालावान गाठतात. मी आणि आई गेलो कार्लेसला. पानाय बेटाच्या ईशान्य टोकावरचं हे मासेमारीचं गाव, इलोइलो प्रांतातलं. तिथून समोरच्या हिगांतेस बेटांवर बोटी सुटतात. आम्ही तिकडे वळलो त्याचं कारण दादा. तो मर्चंट नेव्हीत आहे आणि त्याच्या जहाजावरचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, कार्लेसचा. इलोइलोतून जगभरच्या जहाजांवर खलाशी जातात, त्यामुळे ही ओळख तशी नवलाची नाही. बोसनची थोरली बहीण गावात दोन खोल्या भाड्याने देते. "तुझ्या आईला घेऊन ये" असं तो दादाला कितीतरी दिवस म्हणत होता. दादाला सुट्टी मिळेना, म्हणून आम्ही दोघीच निघालो.

आईचं माहेर हर्णै, वय त्रेसष्ट. मासळी आणि बोटी तिला नव्या नाहीत, पण परदेश पहिलाच. पहिली अडचण आली तिच्या पासपोर्टची. 8 जून 2025 पासून भारतीय पर्यटकांना फिलिपिन्समध्ये 14 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. अट अशी की पासपोर्ट पुढे किमान सहा महिने चालणारा हवा, परतीचं तिकीट पक्कं हवं, राहण्याच्या जागेचा पुरावा हवा आणि खर्चापुरते पैसे असल्याचं दाखवता यायला हवं. हे 14 दिवस वाढवून मिळत नाहीत. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन, सिंगापूर किंवा ब्रिटन यांपैकी कुठला चालू व्हिसा असेल तर 30 दिवस मिळतात. आमच्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. आईचा पासपोर्ट जून 2026 मध्ये संपत होता आणि आम्हाला फेब्रुवारीत जायचं होतं, म्हणजे सहा महिने भरत नव्हते. नोव्हेंबरात मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात तिचा अर्ज भरला. फी 1500 रुपये. पोलिस पडताळणीला हवालदार घरी आले तेव्हा आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती, त्यामुळे त्यांना पुन्हा यावं लागलं. नवा पासपोर्ट हातात पडल्यावरच मी तिकिटं काढली. तिकिटं आधी काढून पासपोर्टच्या मागे धावणारी माणसं मी पाहिली आहेत, ते टेन्शन मला झेपलं नसतं.

राहण्याच्या पुराव्याचं जरा निराळं झालं. इलोइलो शहरातलं हॉटेल बुक होतं, पण कार्लेसचं घर कुठल्या ॲपवर नाही. मग बोसनच्या बहिणीकडून एका कागदावर पत्र मागवलं: आम्ही कोण, कधी येणार, कुठल्या बारांगायमध्ये राहणार. बारांगाय म्हणजे तिथला सगळ्यात लहान प्रशासकीय भाग, गावातली वाडी समजा. पत्रासोबत तिच्या ओळखपत्राची प्रत घेतली. तुम्हीही कुणाच्या घरी राहणार असाल तर असं पत्र जरूर घ्या.

विमानात बसण्याआधी ई-ट्रॅव्हल नावाची नोंदणी करावी लागते. पोहोचण्याच्या आधीच्या 72 तासांत ती भरायची आणि शेवटी येणारा क्यूआर कोड फोनमध्ये ठेवायचा. ती फुकट असते. शोधायला गेलात तर पैसे मागणाऱ्या दिसायला अगदी तशाच साइट वर येतात. पत्त्याच्या शेवटी सरकारी 'जीओव्ही डॉट पीएच' आहे का ते बघा आणि मगच पासपोर्टचा नंबर टाका. आईचा फॉर्म मी माझ्याच खात्यातून भरला, तशी सोय आहे.

11 फेब्रुवारीच्या रात्री मुंबईहून निघालो. काउंटरवरच्या मुलाने व्हिसा मागितला. नवा नियम त्याला ऐकून माहीत होता, पण खात्री नव्हती. दूतावासाच्या सूचनेचा छापील कागद मी पुढे केला, त्याने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी परतीचं तिकीट पाहिलं आणि पंधरा-वीस मिनिटांत बोर्डिंग पास मिळाले. ती पंधरा-वीस मिनिटं आई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती आणि मी कुठलाच भाव न दाखवण्याच्या प्रयत्नात होते. कागद छापून न्या. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच मान टाकते.

मनिलात इमिग्रेशनची रांग तासभराची होती. अधिकारी बाईंनी विचारलं, "कार्लेसला का?" बोराकायचं नाव न घेणारे भारतीय त्यांना फारसे भेटत नसावेत. मी पत्र दाखवलं. त्यांनी आईकडे बघून विचारलं, "मदर?" आणि दोघींच्या पासपोर्टवर शिक्के मारले. आई नंतर म्हणाली, "एवढंच? मी तर तुझ्या बाबांच्या पेन्शनचे कागदपण आणलेत."

मनिलाच्या विमानतळावरची टर्मिनलं एकमेकांपासून लांब आहेत आणि मधला रस्ता गर्दीचा. आंतरराष्ट्रीय विमानातून उतरून देशांतर्गत विमान पकडायचं असेल तर मध्ये चार-पाच तास तरी ठेवा. आम्ही ती रात्र मनिलातच काढून 13 तारखेला सकाळी इलोइलोला गेलो. विमानतळावरच सिमकार्ड घेतलं. पासपोर्ट दाखवून नोंदणी करावी लागते आणि पर्यटकाचं सिम 30 दिवस चालतं. पैशांचं सांगायचं तर पेसो म्हणजे साधारण दीड रुपया. आपले रुपये तिथे सहसा कुणी बदलून देत नाही. डॉलर न्या किंवा एटीएममधून काढा. बहुतेक एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी 250 पेसो लावतात आणि एका वेळी 10,000 पेसोच देतात, म्हणून काढायचे तर एकदम काढा. आपलं यूपीआय तिथे चालत नाही. बेटांवर रोखच लागते, आणि तीही सुटी. हजाराची नोट पाहिली की ट्रायसिकलवाल्याचा चेहरा उतरतो.

इलोइलोत एकच रात्र होतो. 2023 मध्ये युनेस्कोने ह्या शहराला पाककलेचं सर्जनशील शहर ठरवलं. तिथलं ला पाझ बाचोय हे नूडल्सचं सूप प्रसिद्ध आहे, पण त्यात डुकराचं काळीज-आतडी असते, त्यामुळे आमचं जमलं नाही. आईसाठी मी एक वाक्य पाठ केलं होतं, "वाला सांग बाबोय", डुक्कर नको. पुढे हे वाक्य तीच माझ्यापेक्षा ठसक्यात म्हणू लागली. शुद्ध शाकाहारी असाल तर मात्र अवघड आहे. भाजीतही कोळंबी किंवा मासळीची पेस्ट असते.

14 फेब्रुवारीला सकाळी तागबाक बस स्थानकावरून कार्लेसशेजारच्या एस्तान्सिया गावाची बस. तिकीट माणशी अडीचशे-तीनशे पेसो, वेळ साडेतीन-चार तास. बाहेर ऊस, भात, मग पासीची अननसं. बसमध्ये एसी इतका गार की आईने शाल काढली ती उतरेपर्यंत. वाटेत बालासानला उतरून ट्रायसिकलने कार्लेस गाठलं. ट्रायसिकल म्हणजे मोटरसायकलला जोडलेली टपवजा गाडी. सामानासकट दोघी त्यात कशा मावलो ते चालकालाच माहीत.

बोसनची बहीण दारातच उभी होती. तिकडे थोरल्या बाईला मानांग म्हणतात, म्हणून आम्हीही मानांगच म्हणू लागलो. तिने आईचा हात हातात घेतला तो घरात नेईपर्यंत सोडला नाही. खोली साधी, पंखा, मच्छरदाणी, बाहेर न्हाणीघर. दिवसाचे 900 पेसो, नाश्ता धरून. भिंतीतल्या सॉकेटमध्ये आपली गोल पिन जात नाही. दोन चपट्या पिनांचा ॲडॉप्टर इथूनच न्या.

आमचा बेत होता दुसऱ्याच दिवशी बेटांवर जायचा. मानांगने जेवताना सहज सांगितलं, "उद्या बोट नाही. आमिहान आहे." आमिहान म्हणजे ईशान्येचा वारा. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तो इकडे सत्ता गाजवतो, आणि जून ते सप्टेंबर नैऋत्येचा हाबागात. हिगांतेस उघड्या व्हिसायन समुद्रात आहेत. वारा चढला की तटरक्षक दलाची माणसं लहान बोटींना सोडत नाहीत, आणि मग पर्यटक असो की बेटावरची बाळंतीण, सगळे थांबतात. ज्यांचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी असतं ते बांकालच्या, म्हणजे कार्लेसच्या बोटी सुटतात त्या धक्क्यावर कसे बसलेले असतात ते मी त्या दिवसांत पाहिलं. मनिलाहून आलेला एक तरुण घोळका चौकशी-खिडकीपाशी वाद घालत होता. खिडकीतला माणूस शांतपणे समुद्राकडे बोट दाखवत होता. ह्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: कार्लेसच्या आधी किंवा नंतर दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. एप्रिल-मे मध्ये समुद्र शांत असतो, फेब्रुवारीत तो तुमच्या बुकिंगला विचारत नाही. दादाने हे आधीच बजावलं होतं म्हणून आमच्याकडे दिवस होते.

15 तारीख रविवार आणि महाशिवरात्र. नेमका त्याच दिवशी व्हिसायन समुद्रातल्या मासेमारी बंदीचा शेवट. दर वर्षी 15 नोव्हेंबर ते 15 फेब्रुवारी ह्या समुद्रात सार्डिन, हेरिंग आणि मॅकरेल ह्या मासळीवर बंदी असते, अंडी घालण्याचा काळ म्हणून. मुळात 1989 च्या आदेशाने आलेली ही बंदी. आईला हे ऐकून फार बरं वाटलं. "आपल्याकडे जून-जुलैत, यांच्याकडे थंडीत. पण पाळतात का?" हा तिचा पहिला प्रश्न. मानांग हसली आणि तिने हात तिरका हलवला, अर्धं हो, अर्धं नाही. आई म्हणाली, "मग आपल्यासारखंच."

तर गाव नव्या मासळीची वाट बघतंय आणि आईचा कडक उपवास. बरोबर शेंगदाण्याचे लाडू होते, पण दिवसभर त्यावर कसं निभणार? मी मानांगला सांगितलं की आज आई धान्य खाणार नाही, मासळी नाही, मीठही वेगळं. माझ्याकडे सैंधवाची पुडी होती. मानांगने दोनच प्रश्न विचारले: फळ चालतं? कंद चालतो? आणि अर्ध्या तासात उकडलेली रताळी आणि भाजीची जाड केळी वाफवून समोर ठेवली. तिथे रताळ्याला कामोते म्हणतात आणि ती बाजारात ढिगाने असतात. आईने रताळ्याचं साल काढताना मान डोलावली. उपवासाची एवढी बिनखर्ची सोय पुण्यातही होत नाही.

सोमवारी पहाटे मी आणि आई ट्रायसिकल करून एस्तान्सियाच्या मासळी बंदरावर गेलो. ह्या गावाला फिलिपिन्सचं अलास्का म्हणतात, मासळीच्या मुबलकतेमुळे. बंदी उठल्याची पहिली पहाट होती, पण वाऱ्यामुळे लहान होड्या गेलेल्याच नव्हत्या, फक्त थोड्या मोठ्या बोटी आल्या होत्या. तरी धक्का गजबजलेला. निळ्या-पांढऱ्या टबांत बर्फ, त्यावर तारलीसारखी चांदीची मासळी, आणि एका टबात बांगडा. आई तिथेच थांबली. आलुमाहान म्हणतात तो आपलाच बांगडा, जातही तीच. तिने विकणाऱ्या बाईला न विचारता एक उचलला, कल्ला उघडून बघितला, डोळा दाबला, आणि मान हलवून परत ठेवला. बाई रागावेल म्हणून मी घाबरले. ती उलट खो-खो हसली आणि तिने खालच्या टबातला ताजा काढून दिला. भाव ठरताना दोघींची बोटं बोलत होती, मी फक्त पैसे मोजले. दुपारी मानांगने तो नारळाच्या व्हिनेगरात शिजवला. आईला व्हिनेगरचा वास नकोसा झाला, पण तिने ताटात टाकलं नाही.

बंदरामागे बांबूच्या मांडवांवर मासळी सुकत होती, मैलभर वास. तिथल्या एका म्हाताऱ्याशी मानांगचा भाचा दुभाषा होऊन बोलत होता. यॉलांडाचा विषय निघाला. 8 नोव्हेंबर 2013 ला ते चक्रीवादळ ह्याच पट्ट्यावरून गेलं, बाहेर त्याला हाययान म्हणतात. एस्तान्सियात वीजनिर्मितीची एक बार्ज किनाऱ्यावर आदळली आणि लाखो लिटर तेल समुद्रात सांडलं. वादळात वाचलेल्या माणसांना नंतर तेलाच्या वासामुळे घरं सोडावी लागली. म्हाताऱ्याची होडी त्यात गेली, पुढे मदतीतून दुसरी मिळाली. तो हे सांगताना जाळ्याची गाठ मारत होता आणि एकदाही वर बघितलं नाही. आईने निसर्ग वादळाचं सांगितलं, जून 2020 चं, आणि दापोलीकडच्या आडव्या झालेल्या पोफळी. भाच्याला पोफळीला काय म्हणावं सुचेना. त्याने हाताने झाड काढून दाखवलं.

त्या रात्रीचं जेवण मात्र लक्षात राहील. मानांगने कोंबडी, तुरीचे दाणे आणि केळीचा गाभा एकत्र शिजवले होते, आंबटपणासाठी बातवान नावाचं हिरवं फळ. ह्याच पदार्थाचा डुक्कर आणि कच्चा फणस घालून केलेला प्रकार जास्त चालतो, पण आमच्यासाठी तिने हा केला. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "ह्यात आमसूल आहे." आमसूल नव्हतं, पण बातवान आणि कोकम एकाच कुळातली झाडं आहेत. तूर, केळ, कोकमाचा चुलत भाऊ, आणि बाहेर समुद्र. आईने दुसऱ्यांदा भात घेतला. आणि शेजारी लास्वा: भोपळा, भेंडी, मायाळू पाण्यात नुसतं उकडलेलं. फोडणी नाही म्हणून तिला त्याची दया आली.

17 फेब्रुवारीला सकाळी सहाला निरोप आला की आज सोडणार आहेत. आईने कॅलेंडर काढलं. "अमावास्या आहे आज." दर्यावर निघायला तिला हा दिवस पसंत नव्हता. दुसरं कारण जास्त व्यवहारी होतं: अमावास्येला उधाण, पाणी जास्त चढणार आणि जास्त उतरणार. आमच्या बोटमनचं मत विचारलं तर तो खूष होता, कारण त्याला वेळा जुळवायला सोपं जातं. ते कसं, ते पुढे.

बांकालच्या धक्क्यावरची प्रक्रिया अशी. आधी पर्यटन कचेरीत नोंद आणि पर्यावरण शुल्क, माणशी शंभर पेसोच्या आतबाहेर. मग प्रवाशांची यादी भरायची: नाव, वय, देश, फोन. ती यादी तटरक्षक दलाच्या माणसाकडे जाते, तो माणसं मोजतो, लाइफ जॅकेट बघतो आणि मग बोट सुटते. यादीतलं नाव पासपोर्टप्रमाणे लिहा. आमच्यात एका कुटुंबाने घरातलं लाडकं नाव लिहिलं होतं, ते सगळं पुन्हा लिहावं लागलं आणि सगळी बोट थांबली. एस्तान्सियाहून स्वस्त प्रवासी बोटही असते, पण ती दुपारी निघते आणि बेटं फिरवत नाही. आम्ही इलोइलोच्या एका कुटुंबाबरोबर बोट वाटून घेतली, आमच्या वाट्याला 2,500 पेसो आले, त्यात दोन्ही दिवसांची फिरती आणि परत आणून सोडणं.

बोटीला दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या, म्हणजे तोल सांभाळणारे बाहेर काढलेले दांडे, असतात. चढताना अरुंद फळी, आणि दोन पोरं बांबू आडवा धरतात तोच कठडा. ज्येष्ठांना सोबत नेणार असाल तर हे आधी सांगून ठेवा आणि रबरी पकडीची चप्पल घाला. आई फळीवरून सरळ चालत गेली. मी दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून. मळमळीची गोळी अर्धा तास आधी घेतली होती, तरी पहिला तास डोळे मिटूनच बसले होते. वारा पूर्ण उतरला नव्हता, लाटा बाजूने येत आणि सगळे भिजत. फोन आणि पासपोर्ट बंद पिशवीत असू द्या. कपडे सुकतात.

हिगांतेस म्हणजे दोन मोठी बेटं, उत्तर आणि दक्षिण, आणि भोवती बारीकसारीक. आम्ही उत्तरेच्या बेटावर ग्रानादात एका घरात राहिलो. बेटावर गोडं पाणी कमी, आंघोळीला बादली मोजून. पिण्याचं पाणी कार्लेसहूनच न्या. विजेवर आणि फोनच्या सिग्नलवर भरवसा ठेवू नका, पॉवर बँक लागते. वस्तीत शिरताच दिसतात ते स्कॅलप शिंपल्यांचे ढीग, पंख्याच्या आकाराचे, कमरेइतके उंच. बायका सुरीने शिंपला उघडून आतला मांसल गोळा काढत बसलेल्या असतात, तो शहरांत जातो आणि टरफलं इथे राहतात. भाजलेल्या स्कॅलपचं भरलेलं ताट दीडशे पेसोला मिळालं. आई त्या बायकांशेजारी जाऊन बसली आणि तिला एक सुरी मिळाली. कालवं फोडणारा हात आहे तिचा, फरक पडला नाही.

18 तारखेला बेटं फिरलो. क्रम आपण ठरवायचा नसतो, पाणी ठरवतं. बांतिगेचा वाळूचा पट्टा ओहोटीलाच दिसतो. दक्षिण बेटावरचं तांगके, म्हणजे कड्यांनी वेढलेलं खाऱ्या पाण्याचं कुंड, भरतीला भरतं, कारण समुद्राचं पाणी खडकांवरून आत येतं. ओहोटीला गेलात तर निम्मं रिकामं. म्हणून उधाणाचे दिवस बोटमनला सोयीचे: दोन्ही गोष्टी ठळक होतात. काबुगाव गामाय हे पोस्टरवर दिसणारं बेट, त्याच्या टोकाच्या खडकावर फोटोसाठी रांग असते. सकाळी सातला पोहोचलो तर आम्हीच होतो, नऊला परत येताना पंधरा बोटी. खरं सांगायचं तर मला अंतोनिया जास्त आवडलं. तिथे पाण्यात उभं राहून जेवता येतं आणि कुणी घाई करत नाही. प्रत्येक बेटावर थोडं वेगळं शुल्क घेतात, म्हणून सुटे पैसे वर काढून ठेवा.

बोटमन सकाळी कपाळावर राखेचा क्रॉस लावून आला होता. राखेचा बुधवार, ख्रिस्ती उपवासकाळाची सुरुवात. दिवसभर त्याने मांस खाल्लं नाही, मासळी मात्र चालते. आई म्हणाली, "आमचं भस्म रविवारी झालं." मी ते त्याला सांगितलं. त्याने विचारलं, तुमच्यात मासळी चालते का? नाही म्हटल्यावर त्याला आमच्याविषयी फारच वाईट वाटलं.

दुपारी मी एकटी बाकवितान गुहेत गेले. वाटाड्या घ्यावाच लागतो. चढ निसरडा आहे आणि हाताला दोरी नाही, आईला मी नेलं नाही आणि तिनेही हट्ट केला नाही. ह्या गुहेत प्रचंड मोठ्या माणसांच्या शवपेट्या सापडल्याची आख्यायिका आहे, बेटांना राक्षसांचं नाव त्यावरून पडलं म्हणतात. वाटाड्याला मात्र दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटत होती: वादळांत गावातली माणसं इथे आसरा घेतात. आत टॉर्चच्या उजेडात तो मला कोरडी जागा दाखवत होता, इथे म्हातारे, इथे पोरं.

19 ला परत. सकाळचीच बोट घ्या. दुपारनंतर वारा वाढतो आणि बांकालला उतरून इलोइलोची शेवटची बस चुकली तर रात्र काढावी लागते. आम्ही अजून दोन रात्री मानांगकडे राहिलो. निघताना तिने सुक्या मासळीची मोठी पिशवी पुढे केली. ती भारतात आणायला परवाना लागतो, त्या भानगडीत पडायचं नव्हतं, म्हणून मी नको म्हटलं. दोघीही माझ्यावर रुसल्या. शेवटी पिशवी बसने आमच्याबरोबर इलोइलोपर्यंत आली, मानांगची मुलगी तिथे नर्सिंग शिकते तिच्यासाठी. एसी बसमध्ये सुकी मासळी नेताना पिशवीवर पिशवी आणि वर टॉवेल गुंडाळावा लागतो, हे आईने न सांगता केलं.

24 फेब्रुवारीला मनिलाहून परतीचं विमान होतं. मनिला-इलोइलो विमानासकट दोघींचा सगळा खर्च एक लाख चाळीस हजारांच्या घरात गेला, त्यातले सत्तर-पंचाहत्तर हजार मुंबई-मनिलाची तिकिटंच. कार्लेस आणि बेटांवरचा राहण्या-खाण्याचा, बोटीचा सगळा खर्च वीस हजार रुपयांच्या आत होता. पर्यटकाला निघताना वेगळा प्रवासकर पडत नाही. तरी विमानतळावर तसा एक काउंटर दिसतो आणि लोक उगाच रांगेत उभे राहतात. तिथे विचारून पुढे सरका. जाण्याआधी व्हिसाचा ताजा नियम दूतावासाच्या साइटवर पुन्हा बघा. कार्लेसच्या घराचा नंबर मी इथे देत नाही, मानांगला दोन खोल्यांच्या वर माणसं नको आहेत. बांकालच्या पर्यटन कचेरीत विचारलंत तर तशी बरीच घरं सांगतात.